कागदाची गाडी

छिंगमिंगच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, आधीच्या आठवड्यात आमच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. पितरांच्या थडग्यापुढे जाळायच्या कागदी वस्तू आम्ही करतो. घरं, फ्रीज, मोबाइल आणि हल्ली गाड्यासुद्धा. इथे जाळलं की तिकडे पोचतं.

खाणकामगारांच्या चाळीतला युंगशंग आईला घेऊन आला. शहरात विजेच्या गाड्या वाढल्या, वीज पुरेना, म्हणून गेल्या हिवाळ्यात इथल्या कोळशाच्या खाणीत जादा पाळी लावली होती. त्या पाळीत खाणीचं छत कोसळलं आणि त्याचे वडील गेले. युंगशंग स्वतः विजेची टॅक्सी चालवतो.

"काका, बाबा माझ्या गाडीत एकदाही बसले नाहीत," तो म्हणाला. "अगदी तशीच पांढरी करून द्या."

मी मन लावून केली. वर कागदाचा एक चार्जरही माझ्याकडून जोडून दिला.

आईने गाडीवरून हात फिरवला. आतली सीट वाकून पाहिली. मग हळूच चार्जर सोडवला आणि माझ्यापुढे ठेवला.

"वहिनी, त्याचे पैसे नाही लावले मी," मी म्हणालो.

"असू दे. तो नको."

युंगशंगला हसू आलं. "अगं आई, चार्जर नसला तर बाबा गाडी चालवणार कशी?"

 

"नुसते बसून राहतील रे गाडीत. तिकडेही वीज लागायला लागली, तर पुन्हा ह्यांनाच खाणीत उतरवतील."