त्यांचं काय करायचं

तात्या न्हाणीघरात हवालदाराच्या पाठीला साबण चोळत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात सूनबाईंचा आवाज चढला.

"मला आता झेपत नाही. घरभर त्यांचा वास येतो. अंथरूण बघवत नाही. वेळी-अवेळी उठून फिरतात, खातात कमी आणि सांडतात जास्त. त्यांचं काय करायचं ते एकदाचं ठरव."

"हा महिना जाऊ दे," मुलगा म्हणाला. "मग सोडून येऊ."

तात्यांचा हात तिथल्या तिथे थांबला. हवालदार हा त्यांचा कुत्रा, आणि साहेब हा बोका. राबायचं कुणी आणि लोळायचं कुणी, ते नावांवरूनच ठरलेलं. बायको गेल्यापासून तात्यांचं बोलणं ऐकून घेणारं घरात दुसरं होतं कोण? आणि पोरगा खुशाल म्हणतोय सोडून येऊ!

वास, सांडणं ही निमित्तं, खरा दोष पिसवांचा होता, हे त्यांनाही कळत होतं. सोफ्यावर बसलेला माणूस पाच मिनिटांत पाय खाजवायला लागायचा. हवालदाराला कसंबसं पुसून तात्यांनी तडक जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी कुत्र्यासाठी गोळी आणि बोक्यासाठी पातळ औषध दिलं. हे मारायचं औषध नव्हे, त्यांनी बजावलं. मोठ्या पिसवा जगायच्या तेवढ्या जगतील, फक्त त्यांच्या अंड्यांतून पुढची पिढी निघणार नाही. महिन्यातून एकदा, दोघांनाही, आणि भरल्या पोटीच. उपाशीपोटी दिलंत तर फुकट जाईल. पुरता फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात.

"माझ्याकडे एकच महिना आहे," तात्या म्हणाले.

"मग बाकीचं हातांनी करा."

हातांचं काही अडलं नव्हतं. चाळीस वर्षं मनगटी घड्याळं दुरुस्त केलेली. तात्यांनी जुनं भिंग डोळ्याला लावलं, बारीक दातांची फणी घेतली आणि रोज सकाळी दोघांना विंचरायला सुरुवात केली. सापडली पिसू की साबणाच्या पाण्यात. पहिल्या दिवशी बत्तीस निघाल्या. चादरी उकळत्या पाण्यात बुडवल्या, गाद्या उन्हात टाकल्या, फरशीच्या फटीन् फटी झाडल्या. कंबरेचा पार भुगा झाला, पण म्हातारा हटला नाही.

एका दुपारी सूनबाई वही-पेन घेऊन शेजारी येऊन बसल्या. तात्या स्वतः कुठल्या गोळ्या घेतात, रक्तदाबाची कधी, साखरेची कधी, सगळं विचारून लिहून घेतलं. कुत्र्याच्या आणि आपल्या गोळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून असणार, तात्यांना वाटलं. बाई तोंडाची फटकळ आहे, पण मनाची वाईट नाही, असं त्यांनी हवालदाराला सांगूनही टाकलं.

मुलाने त्यांना एकदा सोफ्याखाली अर्धे शिरलेले बघितलं. "कशाला एवढी दगदग, तात्या? ह्यानं आता काही फरक पडायचा नाही."

"महिना संपू दे, मग बोल," तात्या सोफ्याखालूनच म्हणाले. मुलगा निघून गेला. ह्या घरात औषधावर कुणाचा म्हणून विश्वास नाही, तात्यांना रागच आला.

तिसऱ्या आठवड्यात फणीत चार निघाल्या. मग एक. मग फणी कोरडीच फिरायला लागली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तात्या पांढरे मोजे घालून अर्धा तास सोफ्यावर बसले. मोज्यांवर एक ठिपका नाही. त्यांनी सूनबाईंना हाक मारली आणि फणी त्यांच्याच हातात दिली. सूनबाईंनी हवालदाराची मान, पाठ, शेपटीचं मूळ, सगळं विंचरून पाहिलं. साहेबालाही उलटासुलटा करून बघितलं.

"एकही नाही हो," त्या म्हणाल्या. "कमाल केलीत." मग वही उघडत म्हणाल्या, "पुढचं औषध कसं द्यायचं, तेवढं मला शिकवून ठेवा. ह्यापुढे मीच देत जाईन."

तात्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणजे ठेवणार! दोघांनाही ठेवणार! ते भडाभडा सांगत सुटले. आधी बोक्याला द्या, नाहीतर रुसून बसतो. कुत्र्याची गोळी उकडलेल्या अंड्यात दडवा, तोंड बंद करून गळा चोळा, आणि आधी पोटभर जेवू घाला. सूनबाई शब्दन् शब्द लिहून घेत होत्या. महिनाभर आपण हिच्याबद्दल काय काय मनात आणलं, ह्याची तात्यांना लाज वाटली.

मुलगा दारात येऊन उभा होता. तो वाकला, हवालदाराच्या कानामागे खाजवत राहिला आणि त्याच्याकडेच बघत म्हणाला, "तात्या, उद्या दहाला गाडी येईल. कपडे पाचच जोड घ्या, तिथं एका खोलीत चौघं म्हातारे असतात, कपाट लहान आहे."