आपण घेता का?

डुंबरेसाहेब निलंबित झाले. पण ते जाऊ द्या, काही घडलंच नाही असं धरू. साहेब अजून सीमेवरच्या नाक्यावर खुर्चीत आहेत आणि समोर वही उघडून बसलेल्या बाई विचारतायत, "साहेब, आपण घेता का?"

साहेबांनी बाईंच्या पेनाकडे पाहिलं. पेन जरा जाडच होतं, आत कॅमेरा लपवल्यासारखं. लाचलुचपतवाल्यांनीच पाठवलेली असणार! आधीच कबूल केलं तर निभावेल, म्हणून ते हळूच म्हणाले, "थोडंफार. सगळेच घेतात."

"पलीकडच्या देशातले जास्त घेतात?"

"ते उघड घेतात, आपण टेबलाखालून."

"दहा वर्षांत वाढलं?"

"महागाई वाढली ना, बाई!"

"एका वेळी किती?"

"ट्रक बघून."

बाई गोंधळल्या. "ट्रक बघून पिता?"

तेव्हा कुठे साहेबांनी वहीच्या पानावरचं सर्वेक्षणाचं नाव वाचलं: 'दोन शेजारी देशांतील मद्यपान, तेव्हा आणि आता'. पण दारात उभ्या वरिष्ठांनी सगळं ऐकलं होतं.

साहेबांनी लगेच अर्ज केला: "अर्जदार आजवर दारूला शिवलेला नाही, पण आजपासून पिण्यास तयार आहे. तरी त्याच्या उत्तरांतील 'घेणे' हे दारूचेच समजण्यात यावे, ही नम्र विनंती."