खालून बघताना

निवृत्त झाल्यापासून वैमानिकाचा पाय एका जागी ठरत नव्हता. दिवसभर बेडरूममधून बाल्कनीत आणि बाल्कनीतून बेडरूममध्ये येरझारा चालायच्या. शेवटी लेकीने रिमोटवर उडणारं फोमचं विमान आणून त्याच्या हातात ठेवलं.

रविवारी सकाळी तो बायकोला घेऊन मोकळ्या मैदानावर गेला. "खरी विमानं उडवलीत मी, हे तर खेळणं!" म्हणत त्याने ते सोडलं. विमान सुसाट वर गेलं, वाऱ्याने भरकटलं आणि बघता बघता ठिपक्याएवढं झालं. ते आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, हे कळेपर्यंत तो ते भलतीकडेच वळवत राहिला. पाय एका जागी टिकत नव्हते.

कसंबसं ते गवतात उतरलं, तसा तो मटकन खाली बसला.

"अगं, आत बसून कधी भीती वाटली नाही. खालून बघताना मात्र जीव नुसता टांगणीला लागला!"

बायकोने पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली.


"इतकी वर्षं माझ्या हातात तर रिमोटही नव्हता."