उदाहरणाचा रकाना

“अजून काही सूचना?” योगेंद्रने विचारलं. तो नागपूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतून आला होता. संगणकातल्या प्रत्येक रकान्याचा अर्थ काय, त्यात काय भरायचं आणि काय नाही, हे एका जागी सांभाळणारा कोश त्याची कंपनी बनवणार होती. तो कसा हवा, हे विचारायला तो तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात बसला होता. आलुबोंडे संपले होते, म्हणजे मीटिंगही संपल्यातच जमा होती.

“एक आहे,” ज्योत्स्ना म्हणाली. जन्ममृत्यूच्या नोंदी सहा वर्षांपासून तीच भरायची. “बालमृत्यूच्या फॉर्ममधी वयाचा रकाना आहे. दिवसात मागते. पण शून्य घेत नाई.”

योगेंद्रने स्क्रीनवर पाहिलं. “हो, कमीत कमी एक. मग एका दिवसाच्या आत गेलेलं बाळ कुठे भरता?”

“त्याले मृतजन्मात टाकतो जी आम्ही,” हेडक्लार्क महादेवराव म्हणाले. “फॉर्म पटकन पुढं जाते. आजवर काई अडलं नाई.”

खरंच होतं ते. कुणाचंही काही अडलं नव्हतं.

ज्योत्स्नाने कोशाच्या कच्च्या मसुद्याचं छापील पान पुढे ओढलं आणि वाचलं, “मृतजन्म. जन्मताना जिवाचं कोणतंही लक्षण नसलेलं बाळ.” पान तिने परत ठेवलं. “माझा रडला होता. चाळीस मिनिटं होता तो. तीन वर्षं झाली. सुटीवरून आली तं ती नोंद माझ्याच टेबलावर पडून होती. तीनदा शून्य टाकून पाह्यलं. मंग मीच त्याले मृतजन्मात टाकलं.”

गिरडच्या बसची वेळ सांगावी तसं तिने हे सांगितलं. तिला रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. काहीच वाटत नव्हतं आणि त्याचीही आता सवय झाली होती. महादेवरावांनी रिकाम्या प्लेटा एकावर एक ठेवल्या.

योगेंद्रने टाइप केलं. “किमान मूल्य शून्य. झालं, मॅडम.”

“अन् जुनी नोंद?”

“जुन्या नोंदी लॉक आहेत. त्या वर्षाचे आकडे वर गेलेत. नवा नियम फक्त पुढच्या नोंदींना.”

“बरं,” ती म्हणाली. तिला हे माहीतच होतं. तरी तिने विचारलं होतं.

ती मसुद्याची पानं गोळा करायला लागली आणि थांबली. प्रत्येक शब्दासमोर अर्थ होता, कमीत कमी होतं, जास्तीत जास्त होतं. शेवटचा रकाना मात्र कोराच होता.

“हा कशाचा?”

“उदाहरणाचा. कसं भरायचं ते नव्या माणसाला कळावं म्हणून. आम्ही मनानंच काहीतरी टाकतो.”

“हे सगळ्या ऑफिसात दिसन?”

“सगळ्या जिल्ह्यांत.”

“कोणी काढून टाकन?”

“उदाहरण कोण काढतं, मॅडम?”

“मंग लिहा,” ज्योत्स्ना म्हणाली. “मुलगा. जन्म दुपारी चार वाजून दहा मिनिटं. मृत्यू चार पन्नास. वय शून्य दिवस.”

योगेंद्रने एकेक शब्द टाइप केला. मग स्क्रीनवरून नजर न काढता हळूच विचारलं, “जन्माचा प्रकार?”

“जिवंत.”