दुबार

मेंदूच्या आजारानंतर शाल्मलीच्या बाबांची स्मृती त्यांच्या मेंदूला जोडलेल्या संगणकावरच्या शेकडो कोड-भांडारांत, म्हणजे माहितीच्या कप्प्यांत, विखरून ठेवली होती. ती सगळी धुंडाळून साधं नाव आठवायलाही त्यांना फार वेळ लागे. शेवटी शाल्मलीने एका ओळीची आज्ञा टाइप केली: सगळी भांडारं नीट लाव, दुबार असेल ते कायमचं पुसून टाक.

"बाबा, आता कसं वाटतंय?"

"अगदी हलकं वाटतंय गं, केतकी."

केतकी ही शाल्मलीची जुळी बहीण, लहानपणीच तापाने गेलेली. आज्ञेने दोघींना एकच धरून एकीला पुसलं होतं, आणि पुसलेलं परत आणायची सोय नव्हती.

"बाबा, मी शाल्मली!"

ते गोंधळले, मग सावरून अदबीने म्हणाले, "बसा ना. केतकी येईलच एवढ्यात."