पितरांचं पान

गोविंदगुरुजी पाटावर बसले तेव्हा सोवळ्याला दोन वेढे जास्तीचे पडले होते.

"बारीक झालात, गुरुजी," ललित म्हणाला. त्याचा थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी द्वारका चौकात ट्रकखाली गेला. आज त्याचं श्राद्ध होतं.

"साखर निघाली. पथ्य चाललंय."

साखरबिखर काही नव्हती. गुरुजींनी मुंबईला गुपचूप ऑपरेशन करून पोट लहान करून घेतलं होतं. आता ते रोज गंगापूर रोडला फिरायला जायचे, वाटीभर जेवायचे. गुडघ्यांची कुरकुर थांबली होती. तब्येत झकास, धंद्याचे मात्र वांधे. पंचवटीत त्यांचं नाव होतं ते मंत्रांपेक्षा भुकेसाठी. पितरांच्या पानावरचा ब्राह्मण पोटभर जेवला की पितर जेवले. वाटीभर जेवणाऱ्याला कोण बोलावणार? म्हणून ते श्राद्धाची आमंत्रणं टाळत होते.

पण ललितच्या वहिनी, लतिकाताई, हटून बसल्या. दुसरे गुरुजी पाठवतो म्हटलं तर नको म्हणाल्या.

त्यांनी पान वाढलं. एक वडा, थोडी खीर, एक लाडू.

"वहिनी, हात का आखडता? गुरुजी आहेत ते!"

"जेवू द्या त्यांना सावकाश."

गुरुजींनी अर्धा वडा चावून चावून खाल्ला, दोन चमचे खीर घेतली. पोट बास म्हणालं. तेवढ्यात ललित लाडवांची परात घेऊन आला.

गुरुजींनी परातीकडे पाहिलं. आणखी एक घास घेतला तर पानावरच उलटी. नाही घेतला तर यजमानाचा पितर उपाशी, आणि उद्या पंचवटीभर बोभाटा. त्यांना भीती वाटली, त्याहून जास्त लाज वाटली.

"मी तृप्त आहे," ते पुटपुटले.

ललितचा चेहरा उतरला. "एवढ्यात? गेल्या वर्षीच्या गुरुजींनी परात संपवली होती. दादा उपाशीच गेला म्हणायचं!"

"भावजी, गुरुजींचं पोटाचं ऑपरेशन झालंय," लतिकाताई म्हणाल्या. "त्यांच्या सौभाग्यवती बोलून गेल्या माझ्याजवळ. म्हणून तर गुरुजींनाच बोलावलं."

गुरुजींनी मान खाली घातली.

"तुमच्या दादांचंही तेच झालं होतं. कुणाला कळू दिलं नाही त्यांनी. शेवटचं वर्षभर एवढंच जेवायचे." त्यांनी पदराने डोळे पुसले. "गेल्या वर्षी कोण जेवून गेलं, कोण जाणे. आज हे जेवले."