पाठमोरी रोपं

धुक्यातून चालत आलेल्या कुंदाने शेडचं दार ढकललं, तर मिरचीची सगळी रोपं तिच्याकडे पाठ करून खिडकीकडे झुकलेली.

बचत गटाची लोणची घेऊन ती गावोगावची प्रदर्शनं फिरायची. नवरा, भानुदास, मालकाचा ट्रक घेऊन परराज्यात जायचा. ती यायची तेव्हा तो नुकताच निघालेला असायचा. रोपं उजेडाकडे वाकतात, म्हणून निघणाऱ्याने ट्रे फिरवून जायचं, एवढं दोघांचं ठरलेलं. त्यामुळे दार उघडलं की रोपं तिच्याकडेच झुकलेली दिसायची, कुणीतरी वाट बघत असल्यासारखी. दुपारपर्यंत रोपं हळूहळू खिडकीकडे वळायची, आणि मग घर रिकामं वाटू लागायचं.

आज मात्र एकाही रोपाचं तोंड दाराकडे नव्हतं. तिचं मन खट्टू झालं. एवढंसं काम, तेही विसरावं? की त्याला आता तिच्या येण्याचं काही वाटेनासंच झालं होतं?

"ट्रे न फिरवताच गेलात ना," ती रोपांनाच ऐकवत म्हणाली.

कोपऱ्यातल्या पोत्यांआडून, घोंगडीतून झोपाळलेला आवाज आला, "गेलो असतो, तर फिरवला असता."